संगणकाच्या ओसरीवरून : यादीत नाव का येत नाही?

मंडळी, आपली बरीच मुलं हल्ली सुट्टीत कुठल्या ना कुठल्या ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावतात. नव्या आवृत्तीच्या चेंजलॉगमध्ये 'प्रथमच सहभाग' म्हणून नाव झळकलं की घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी! पण परवा एका मित्राच्या मुलीनं विचारलं, "काका, आमच्या यादीत कुणाचीच नावं का येत नाहीत?" म्हणून या खेपेला हा विषय.

चेंजलॉग म्हणजे कुठल्या आवृत्तीत काय बदललं याची वही. हातानं लिहायची म्हटलं की ती बहुधा राहूनच जाते. 'गिट-क्लिफ' हे फुकट मिळणारं साधन गिटच्या नोंदी वाचून ती तयार करतं. मेख अशी की गिटच्या नोंदीत बदल करणाऱ्याचं फक्त नाव आणि ई-मेल असतं. त्याचं गिटहबवरचं नाव, पुल रिक्वेस्टचा क्रमांक, गडी नवा की जुना, हे गिटहबलाच विचारावं लागतं. त्यासाठी 'क्लिफ.टॉमल' या फाइलीत 'रिमोट.गिटहब' अशा मथळ्याखाली दोन ओळी लिहायच्या : 'ओनर' म्हणजे खात्याचं नाव आणि 'रेपो' म्हणजे रिपॉझिटरीचं. या मुलांनी फाइल दुसऱ्या प्रकल्पातून उचलली होती आणि ओनर तिथलाच राहिला होता. पत्ताच शेजारच्या बिऱ्हाडाचा, मग आपली माणसं सापडणार कशी? (पत्ता बरोबर असूनही नावं आली नाहीत, तर साच्यात ती मागितली आहेत का ते पाहावं.)

आता टोकन. ओळख न दाखवता विचारलं तर गिटहब तासाला ६० विनंत्यांनाच उत्तर देतं. टोकन दाखवलं की ५,०००. मोठ्या प्रकल्पाला ६० कुठल्या पुरायला! त्याच फाइलीत 'टोकन' लिहायचीही सोय आहे, पण माझं ऐका, तिथं ते मुळीच लिहू नका. ती फाइल सगळ्या जगाला दिसते, आणि नंतर ओळ खोडली तरी गिटच्या इतिहासात टोकन तसंच राहतं. चुकून गेलंच तर आधी गिटहबवर जाऊन ते रद्द करा, खोडाखोड मागाहून. टोकनची जागा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये : कॅपिटल अक्षरांत 'गिटहब', अंडरस्कोर, 'टोकन'. गिटहब ॲक्शन्समध्ये तर प्रत्येक कामापुरतं टोकन आयतंच मिळतं आणि काम संपलं की निकामी होतं. उघड्या रिपॉझिटरीला नुसतं वाचण्यापुरतं टोकन पुरतं, उगाच सगळे हक्क देऊ नयेत.

गिटलॅब, गिटी, बिटबकेट यांचे मथळे वेगळे, रीत तीच. आणि मुंबईच्या विमानात बसून काम करायची हौस असेल, तर 'ऑफलाइन' हा पर्याय द्यावा. गिटहबवरची माहिती येणार नाही, पण बदलांची यादी तयार होईल.