लाकडाची जात विचारू नये

"कुठलं लाकूड?"

शिकारी ताकदीचं लाकडी धनुष्य करायला घेतलंय असं त्यातल्या एखाद्या जाणकाराला सांगून बघा. पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर 'यू' असेल तर मान डोलते. 'ओसेज ऑरेंज' असेल तर भुवया कौतुकाने वर जातात. हिकरी म्हणालात तर "चालेल". आणि वखारीतून आणलेली, नावही धड माहीत नसलेली फळी असेल तर एक सुस्कारा, आणि मग ठरलेला सल्ला... "कशाला वेळ घालवतोस? आधी बरं लाकूड मिळव."

मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच आळशी आहे. रेझ्युमेवरचं कॉलेजचं नाव वाचून उमेदवार निवडणारे मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलेत. कोड लिहायला दिला की पाच मिनिटांत कळेल, पण तेवढेही कष्ट नकोत! लाकडाची यादी बाळगणारे लोक हेच करतात. धनुष्य काही झाडांच्या जातीतून होत नाही, ते तुमच्या हातातल्या एका दांडक्यातून होतं. एकाच जातीची दोन झाडं, एक सावलीत वाढलेलं, एक उघड्यावर, यांच्या घनतेत आणि ताकदीत चांगलाच फरक पडतो. यादी तुम्हाला जातीची सरासरी सांगते. तुमची फळी सरासरी आहे असं कुणी सांगितलं?

आता थोडं इंजिनिअरिंग. (घाबरू नका, अकरावीच्या पलीकडे जात नाही.)

धनुष्य ओढलं की त्याची लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. बहुतेक लाकडं ताण चांगला सोसतात, दाब त्या मानाने कमी. म्हणून पाठीचे तंतू अखंड असले तर आधी पोट हार मानतं. धनुष्य कायमचं थोडं वाकून बसतं, पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या येतात, बाण मंद होतो. पाठीचे तंतू कापले गेले असतील तर मात्र क्षणात काडकन तुटतं.

यातली गंमत अशी की ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि रुंदीच्या सरळ प्रमाणात. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट, रुंदी दुप्पट केली की फक्त दुप्पट. पण लाकडाच्या पृष्ठभागावर किती ताण येणार हे जाडीवर ठरतं, रुंदीवर नाही. म्हणजे रुंदी दुप्पट करून तेवढाच ताठपणा ठेवायचा तर जाडी सुमारे २१ टक्के कमी लागते, आणि तेवढ्याच बाकाला ताणही २१ टक्के कमी होतो. कमकुवत लाकडाचा प्रश्न इथेच सुटला की! रुंद करा, पातळ करा, थोडं लांब ठेवा.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये सापडलेली धनुष्यं सुमारे ९००० वर्षं जुनी आहेत. लाकूड एल्म. आकार कसा? हात रुंद आणि चपटे. अश्मयुगातल्या त्या कारागिराकडे ना मॉइश्चर मीटर होता ना घनमुळाचं गणित, पण एल्मला यूच्या अरुंद, जाड आकारात कोंबू नये एवढं त्याला पक्कं कळत होतं.

दुसरं उदाहरण इशीचं. कॅलिफोर्नियातल्या याही लोकांपैकी हा शेवटचा माणूस. १९११ मध्ये तो बाहेरच्या जगात आला, १९१६ मध्ये गेला. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. इशी जुनिपरची, सुमारे साडेतीन फुटांची आखूड धनुष्यं करायचा. जुनिपर ताणाला कच्चं. मग त्याने काय केलं? पाठीवर प्राण्यांच्या स्नायूंचे धागे चिकटवले. लाकडाची उणीव ओळखली आणि तिथे दुसरा माल लावला. यालाच आपण डिझाइन म्हणतो ना?

मग 'यू' राजा कसा झाला? यू उत्तम लाकूड आहे यात वादच नाही. बाहेरचं पांढरं लाकूड ताणाला चांगलं, आतला गाभा दाबाला चांगला, दोन्ही एकाच ओंडक्यात. इंग्लंडचं 'मेरी रोझ' जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यावरची १७० हून अधिक धनुष्यं यूचीच आहेत. पण ती एका विशिष्ट आकाराची आहेत, अरुंद आणि जाड. त्या आकारात एल्म किंवा अ‍ॅश घातलं की ते दबणारच. म्हणजे डिझाइन एकाचं, लाकूड दुसऱ्याचं, आणि नापास कोण? लाकूड! वा!

खुद्द आठव्या हेन्रीच्या काळातल्या कायद्याने धनुष्यं करणाऱ्यांना बजावलं होतं की यूच्या प्रत्येक धनुष्यामागे एल्म, अ‍ॅश अशा साध्या लाकडांचीही धनुष्यं केलीच पाहिजेत. ज्या देशाच्या नावाने यूचं कौतुक चालतं, त्या देशालाच फक्त यूवर भागवता येत नव्हतं.

आणि या 'फक्त उत्तम लाकूडच'ची किंमत कुणी मोजली तेही बघा. १४७२ च्या इंग्रजी कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालाच्या दर टनामागे (तेव्हाचं मोठं पिंपाचं माप) ४ धनुष्यदंड आणणं व्यापाऱ्यांवर सक्तीचं केलं. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत बव्हेरिया आणि ऑस्ट्रियामधली यूची जंगलं जवळजवळ ओरबाडून संपली. यू फार हळू वाढतं. एका यादीपायी अर्ध्या खंडातलं एक झाड दुर्मिळ झालं. "आधी बरं लाकूड मिळव" हा सल्ला इतका साधा नाही, बरं का.

यादी अमेरिकेतही होतीच. १९८०च्या दशकापर्यंत तिथल्या हौशी मंडळींत यू आणि ओसेज सोडून बाकी सगळं दुय्यम समजलं जायचं. मग पॉल कॉमस्टॉक आणि टिम बेकर यांच्यासारख्यांनी साध्या पांढऱ्या लाकडांची रुंद धनुष्यं करून, बाणांचा वेग मोजून दाखवला. 'ट्रॅडिशनल बोयर्स बायबल'चा पहिला खंड १९९२ चा. त्यानंतर हार्डवेअरच्या दुकानातली रेड ओकची फळी हे नवशिक्याचं पहिलं लाकूड झालं. घराबाहेरच्या लाकडी ओट्यांना वापरतात ते ब्राझीलचं इपे... त्यालाही कुणी ओळखत नव्हतं, आज त्यातून लोक सुंदर धनुष्यं करतात. मोजणाऱ्याने मोजलं म्हणून यादी वाढली. यादीकडे बघत बसणाऱ्यांनी तिच्यात एक नाव घातलेलं नाही.

तर अनोळखी लाकूड हातात आलं की काय करायचं?

पहिलं म्हणजे रेषा बघा. फळीवर शाईचा थेंब सोडा, तो तंतूंच्या दिशेने पसरतो. तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले पाहिजेत. कडेने बाहेर पळत असतील तर फळी परत ठेवा, भले ती कितीही नामांकित लाकडाची असो.

दुसरं, घनता. सारख्या जाडीची एक पट्टी कापा, तिच्यावर दहा समान खुणा करा आणि अरुंद, उंच भांड्यातल्या पाण्यात उभी सोडा. सहाव्या खुणेपर्यंत बुडाली तर घनता पाण्याच्या ०.६ पट. झालं, फुकटात! ६६ इंच लांबीच्या ४५ पौंडी धनुष्यासाठी माझा सुरुवातीचा अंदाज असा: ०.५ च्या आसपास असेल तर हात दोन-सव्वादोन इंच रुंद, ०.६ ते ०.७ ला पावणेदोन ते दोन, ०.८ च्या वर दीड इंच.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वाकवण्याची परीक्षा. ६ मिलिमीटर जाडीची, तासून साफ केलेली पट्टी मोठ्या सायकलच्या चाकावर हळूहळू लपेटा. त्या गोलाईला पृष्ठभागावर साधारण १ टक्का ताण येतो, म्हणजे धनुष्यातल्या लाकडाला पूर्ण ओढल्यावर सोसावा लागतो जवळपास तेवढाच. (डोळ्यांवर गॉगल हवाच. तुटली तर तुकडे उडतात.) सोडल्यावर सरळ झाली तर लाकूड तुमचं. थोडी वाकून राहिली तर रुंदी आणि लांबी वाढवा. पाठीकडून फाटली तर पाठीवर बांबूची चीप चिकटवायचा विचार करा. काडकन दोन तुकडे झाले तर त्या लाकडाचं स्टूल करा. तेही उपयोगी असतं.

आणि लाकूड वाळलेलं हवं. आत ८ ते १० टक्के ओलावा असला की उत्तम. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली फळी १६-१८ टक्क्यांपर्यंत जाते. अशा फळीचं धनुष्य वाकून बसलं तर जातीला शिव्या घालू नका.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. "हे शिकारीचं धनुष्य आहे, खेळणं नाही. ज्या देशात कायद्याने शिकार करता येते तिथे या धनुष्यासमोर जिवंत प्राणी असतो. बाण कमी पडला तर तो जखमी होऊन तडफडतो. तिथे कसले प्रयोग?"

अगदी मान्य. पण म्हणूनच तर नावावर विसंबू नये! यूच्या धनुष्यातही आत लपलेली गाठ असू शकते, ओसेजच्या पाठीचं वलयही रंध्याने कापलं जाऊ शकतं. प्राण्याला लाकडाच्या खानदानाशी काय देणंघेणं? त्याला जलद मरण हवं, आणि ते धारदार टोक, नेम आणि रोज तेवढ्याच ताकदीने बाण सोडणारं धनुष्य यांतून येतं. त्याचा पुरावा म्हणजे मोजमाप. दोनशे बाण निशाण्यावर मारा. आधी आणि नंतर खेच वजनकाट्यावर बघा. ४५ पौंडांचं धनुष्य ४० वर आलं तर ते शिकारीला नेऊ नका, मग ते साक्षात मेरी रोझवरून आलेलं असो. अनोळखी लाकूडवाला ही परीक्षा घेतो, कारण त्याला खात्री नसते. यादीवाला घेत नाही, कारण त्याला खात्री असते. धोका कुठे जास्त आहे सांगा बरं?

(अनोळखी लाकडाची धूळ विषारी असू शकते हाही मुद्दा खरा. मास्क लावा. फक्त लक्षात असू द्या, यादीतला राजा यू स्वतःच विषारी झाड आहे.)

शेवटी आपल्याकडचं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, तेव्हा आपलं धनुष्य फक्त निशाण्यासाठी. पण लाकूड? आपल्या जंगलात धामण नावाचं झाड आहे. (साप नव्हे!) शास्त्रीय नाव ग्रुइया टिलिफोलिया. गाडीच्या दांड्या, अवजारांचे दांडे आणि धनुष्यं यांसाठी ते वापरलं जातं हे इंग्रजांच्या काळातल्या वनखात्याच्या लोकांनीही नोंदवून ठेवलंय. त्याच ग्रुइया कुळातलं दुसरं झुडूप आफ्रिकेत कालाहारीतले सान लोक धनुष्यासाठी वापरतात. दोन खंडांत, एकमेकांना न विचारता, लोकांनी वाकवून बघितलं आणि एकाच कुळावर बोट ठेवलं. भिल्लांनी तर लाकडाचाही हट्ट सोडला. धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूच्या चिपेची.

यादीत यातलं कोणीच नाही. आणि आपण शहरातली शिकलेली माणसं परदेशातून ओसेजचा दांडा मागवायला किती डॉलर लागतील याचा हिशोब करत बसतो. जंगलात जाऊन झाड तोडू नका, तो गुन्हा आहे. पण परवानाधारक वखारीत कोपऱ्यात पडलेल्या सरळ रेषांच्या फळीला काय हरकत आहे? नाव विचारा, माहिती म्हणून. निकाल मात्र सायकलच्या चाकाला देऊ द्या.