खोडरबराचे अर्थकारण

१९९० च्या जानेवारीत ब्रिटिश 'व्होग' मासिकाच्या मुखपृष्ठावर पाच तरुणींचे एक कृष्णधवल छायाचित्र प्रसिद्ध झाले. जर्मन छायाचित्रकार पीटर लिंडबर्ग यांनी ते न्यूयॉर्कमध्ये, उघड्या रस्त्यावर घेतले होते. फॅशनच्या दुनियेत त्या चित्राला आज दस्तऐवजाची प्रतिष्ठा आहे. त्या पाचजणींपैकी एक क्रिस्टी टर्लिंग्टन. पुढे एकवीस वर्षांनी, जुलै २०११ मध्ये, याच टर्लिंग्टन यांचा चेहरा असलेली एक जाहिरात ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने दिशाभूल करणारी ठरवून बंद केली. जाहिरात लोरिआल कंपनीच्या मेबलीन या छापाच्या प्रसाधनाची होती आणि वय झाकण्याचे आश्वासन देणाऱ्या त्या प्रसाधनाचे नावच मुळी 'दि इरेझर', म्हणजे खोडरबर, असे होते. त्वचा उजळ करणे, डोळ्यांभोवतीची काळसर छाया कमी करणे, ओठ गुळगुळीत करणे आणि भुवया गडद करणे, हे सारे छायाचित्र घेतल्यानंतर केले गेले, हे कंपनीला मान्य करावे लागले. तेव्हा खोडण्याचे काम बाटलीतल्या द्रव्याने किती केले आणि संगणकाने किती, हे ग्राहकाने ठरवावे तरी कसे? जो स्विन्सन या संसद सदस्य महिलेने तक्रार केली नसती, तर हा प्रश्न कोणी विचारलाही नसता.

त्याच दिवशी त्याच कंपनीच्या लँकोम छापाची, ज्युलिया रॉबर्ट्स या नटीची जाहिरातही बंद झाली. या दुसऱ्या प्रकरणातील एक तपशील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये असा आहे. मूळ छायाचित्र पाहावयास मागितले असता ते प्राधिकरणाला मिळाले नाही, कारण नटीशी झालेला करार त्याच्या आड येत होता. सत्य हे असे कराराने कुलूपबंद झालेले होते.

चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्याला हा सारा प्रपंच सुखवस्तूंचा वाटेल. ज्या देशात कापूस पिकविणारा कर्जात बुडतो आणि कापड विणणारा यंत्रमागावर बारा बारा तास उभा राहतो, तेथे पॅरिस-न्यूयॉर्कच्या पोशाखी चित्रांची चिंता कोणी वाहावी, असा त्याचा प्रश्न असेल. प्रश्न रास्त आहे. परंतु कापूस आणि माग यांच्या साखळीचे दुसरे टोक हेच आहे. कापडाचे मूल्य श्रमातून निर्माण होते. त्या मूल्यावर भरमसाट किंमत चढविण्याचे काम मात्र हे चित्र करते. ते चित्र कोण घडवितो, कोणत्या साधनाने घडवितो आणि त्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडतो, हे पाहणे समाजवादी विचाराच्या कक्षेबाहेरचे कसे म्हणता येईल?

या विषयावरची नेहमीची चर्चा दोन गटांत विभागलेली असते. एक गट म्हणतो की खरे कसब कॅमेऱ्यातच. प्रकाश ओळखावा, क्षण पकडावा. मागाहून संगणकावर केलेली डागडुजी ही लबाडी होय. दुसरा गट म्हणतो की डागडुजी छायाचित्रणाइतकीच जुनी आहे आणि तीही एक कलाच आहे. दोन्ही गटांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांच्याही नजरेतून मुख्य गोष्ट निसटते.

पहिल्या गटाचा आदर्श म्हणून अर्व्हिंग पेन यांचे उदाहरण घेता येईल. १९५० साली त्यांनी पॅरिसमधील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, विजेचे दिवे न लावता केवळ खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात, नाटकगृहातून टाकून दिलेल्या एका जुन्या पडद्यापुढे त्या मोसमातील पोशाखांची छायाचित्रे घेतली. एवढ्या अल्प साहित्यात एवढे मोठे काम क्वचितच झाले असेल. त्या चित्रांतील वस्त्राची घडी, खांद्याची रेषा आणि सावलीचा उतार पाहताना कोणाही रसिकाला मान डोलवावीशी वाटेल. पण म्हणून ती चित्रे 'खरी' होती काय? पोशाख नमुन्यादाखल शिवलेले, ते अंगात जाईल अशीच सडपातळ देहयष्टी निवडलेली, सैल कापड पाठीमागून टाचण्यांनी आवळण्याची या धंद्याची जुनी रीत, आणि प्रकाश असा योजलेला की जे दाखवायचे तेवढेच उजळावे. खोडरबर तेथेही होते. ते निगेटिव्हवर चालण्याऐवजी निवडीच्या वेळीच चालले होते. शेकडो देहांतून एक देह निवडणे म्हणजे उरलेले सारे देह चित्रातून पुसणेच होय. कॅमेऱ्यातील कसबाची थोरवी मान्य करूनही त्याला सत्यवचनी ठरविण्याचे कारण नाही.

दुसऱ्या गटाचा इतिहासही खोटा नाही. म्युनिकचे हान्फ्श्टेंगल यांच्या टचिंग केलेल्या चित्रांची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच युरोपात चर्चा होती. १९३१ साली हॉलिवूडमध्ये जॉर्ज हरेल यांनी घेतलेल्या जोन क्रॉफर्डच्या छायाचित्रावरून तिचे वांग आणि सुरकुत्या पुसून टाकण्यात आल्या. आधीचे आणि नंतरचे, अशी दोन्ही चित्रे आज उपलब्ध आहेत आणि ती शेजारी ठेवून पाहिली असता हॉलिवूडची सौंदर्यदेवता कशी घडे हे कळते. मूळ छायाचित्र घेणाऱ्या हरेल यांचे नाव जगाला ठाऊक आहे. पेन्सिल चालविणाऱ्या जेम्स शार्प यांचे नाव अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. आपल्याकडे तरी निराळे काय होते? तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओतही उतरत्या फळीखाली आरसा ठेवून, बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर टचिंग करणारा कारागीर असे. स्थळासाठी पाठवावयाच्या फोटोत मुलीचा रंग एक छटा उजळ निघाला तो त्याच्या हातगुणामुळे. फोटोच्या पुठ्ठ्यावर छाप मात्र स्टुडिओच्या मालकाच्या नावाचा उठे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाने २०१२ साली संगणकपूर्व काळातील अशा बनावाच्या छायाचित्रांचे एक मोठे प्रदर्शन भरविले होते. प्रदर्शन उत्तम होते, याविषयी दुमत नाही. त्याला अर्थसाहाय्य मात्र 'फोटोशॉप' विकणाऱ्या अडोबी कंपनीचे होते! 'हे पूर्वीपासूनच चालत आले आहे' हा निष्कर्ष ज्याला सर्वांत सोयीचा, त्यानेच तो इतिहास मांडण्यास पैसा पुरवावा, यातील गंमत कळण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

मुख्य प्रश्न कॅमेरा की खोडरबर हा नाहीच. साधन कोणाच्या मालकीचे आणि निर्णय कोणाच्या हातात, हा खरा प्रश्न आहे. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली 'लेबर अँड मोनॉपली कॅपिटल' या ग्रंथात दाखविले की भांडवलशाही कारागिराच्या कामाचे दोन तुकडे करते. विचार एका बाजूला आणि हात दुसऱ्या बाजूला. फॅशन छायाचित्रणात हे विभाजन डोळ्यांदेखत घडले. फिल्मच्या काळात छायाचित्रकाराला मागाहून फारसे काही बदलता येत नसे. रंगीत पारदर्शिकेवर प्रकाशाचा अंदाज थोडा जरी चुकला तरी चित्र वाया जाई. म्हणूनच त्याच्या अंदाजाला किंमत होती, आणि ती किंमत तो मालकाकडून वसूल करू शके. फेब्रुवारी १९९० मध्ये, म्हणजे लिंडबर्ग यांच्या त्या मुखपृष्ठानंतर अवघ्या महिन्याभराने, फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. त्यानंतरच्या दोन दशकांत चित्राचा अखेरचा निर्णय छायाचित्रणाच्या जागेवरून हलून जाहिरातदाराच्या मेजावर गेला. लिंडबर्ग यांच्यासारख्या मातब्बराला नकार देता आला. २०१७ च्या पिरेली दिनदर्शिकेसाठी त्यांनी वयस्क नट्यांची छायाचित्रे टचिंगशिवाय प्रसिद्ध करविली आणि त्यांचे कौतुकही झाले. (दिनदर्शिका टायरच्या कंपनीची, हा भाग निराळा.) परंतु नकार देण्याची ऐपत किती जणांपाशी असते?

टचिंग करणाऱ्यांमध्येही दोन टोके पडली. वरच्या टोकाला न्यूयॉर्कचे पास्कल डँजां यांच्यासारखे कारागीर. मार्च २००८ च्या अमेरिकन 'व्होग'च्या एकाच अंकात त्यांचा हात फिरलेली १४४ चित्रे होती; त्यांपैकी १०७ जाहिराती, ३६ फॅशनची चित्रे आणि एक मुखपृष्ठ. संपादकीय मजकूर आणि जाहिरात यांतील भिंत एकाच हाताने किती सहज पुसली, हे या आकड्यांवरून दिसते. खालच्या टोकाला ढाक्यातील आणि भारतातील अनेक शहरांतील ती तरुण मुले-मुली आहेत, जी दिवसपाळी-रातपाळीत संगणकापुढे बसून, सदऱ्याची आणि साडीची कड माऊसने एकेक बिंदू जोडीत पार्श्वभूमीपासून वेगळी करतात. या कामाला धंद्यात 'क्लिपिंग पाथ' म्हणतात. लंडन-न्यूयॉर्कच्या कचेऱ्या संध्याकाळी चित्रे पाठवितात आणि सकाळी ती साफ होऊन परत येतात. मोबदला नगावर. विडी कामगाराला हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की विडी कामगारांची संघटना आहे.

आणि साधनाच्या मालकीचे काय? स्टुडिओतल्या कारागिराची पेन्सिल त्याची स्वतःची होती. ती झिजली तर तो दुसरी घेई. संगणकाच्या पहिल्या काळातही आज्ञावली एकदा विकत घेतली की ती घेणाऱ्याची होत असे. २०१३ साली अडोबीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या विकल्या जाणार नाहीत, त्या केवळ वर्गणीने मिळतील. अर्थशास्त्राच्या भाषेत याला खंड म्हणतात. रिकार्डोने जमीनदाराविषयी जे लिहिले, ते येथे ओळीने लागू पडते. कारागीर काम करो वा न करो, महिन्याच्या महिन्याला खंड भरला नाही तर त्याचे हत्यार त्याच्या हातातून निघून जाते. छायाचित्रणातील सचोटीवर तावातावाने बोलणाऱ्यांनी या प्रश्नावर फारसे लिहिलेले आढळत नाही.

आता कायद्याकडे वळू. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून असा नियम आहे की जाहिरातीतील मॉडेलचा बांधा बारीक वा जाड केला असेल तर 'टचिंग केलेले छायाचित्र' असे त्यावर छापले पाहिजे. न छापल्यास ३७,५०० युरो, किंवा जाहिरातखर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड. मॉडेलच्या प्रकृतीबाबत वैद्यकीय दाखलाही तेथे सक्तीचा झाला, आणि तो भाग निःसंशय स्वागतार्ह आहे, कारण या धंद्यात उपासमारीने आजारी पडणाऱ्या मुली हाही एक कामगारवर्गच आहे. परंतु छापील सूचनेची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. फ्रेंच नियम बांध्यापुरता आहे, त्वचेच्या रंगाला तो शिवत नाही. नॉर्वेने जुलै २०२२ पासून लागू केलेल्या कायद्यात त्वचेचाही समावेश केला, तो अधिक पुढचा होय. तरीही ऑस्ट्रेलियातील मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आढळून आले की अशी सूचना वाचून मुलींचे स्वतःच्या देहाविषयीचे असमाधान कमी होत नाही. यात नवल नाही. चित्र खोटे आहे हे ठाऊक असूनही हवेहवेसे वाटणे, यावरच जाहिरात उभी असते. जॉन बर्जर यांनी १९७२ सालीच हे ओळखले होते. सूचना छापून कंपनी मोकळी होते आणि सावध राहण्याची जबाबदारी सोळा वर्षांच्या मुलीच्या माथी येते. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापून कारखाना चालू ठेवावा, त्यातलाच हा मार्ग.

भारतात खोडरबराचे मुख्य काम बांध्यावर नव्हे, वर्णावर चालते. गोरेपणाचे मलम विकणारी 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली आणि २०२० साली, अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद जगभर उमटल्यावर, तिने नावातील 'फेअर' तेवढे खोडले. काळ्यासावळ्या माणसांना दुःखी, अनाकर्षक वा अपयशी दाखवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली केली खरी. पण ही परिषद म्हणजे उद्योगानेच उद्योगासाठी नेमलेला पंच आहे. जातिव्यवस्थेने हजारो वर्षे वर्णाशी जोडून ठेवलेला अपमान अशा पंचाच्या समजुतीच्या शब्दांनी कसा मिटावा? दलित आणि स्त्रीमुक्ती चळवळींनी या विषयावर पुष्कळ लिहिले, बोलले आहे. पक्षाच्या जाहीरनाम्यांत मात्र त्याला ओळभर जागाही क्वचितच मिळते.

या सर्व वादाला गेल्या दोन-तीन वर्षांत नवेच वळण लागले आहे. ऑगस्ट २०२५ च्या अमेरिकन 'व्होग'मध्ये 'गेस' कंपनीची जी जाहिरात आली, तीतील तरुणी अस्तित्वातच नव्हती. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेली होती आणि तसे बारीक अक्षरात छापलेलेही होते. त्याच वर्षी एच अँड एम कंपनीने तीस मॉडेलांच्या संगणकीय प्रतिकृती करण्याचे ठरविले. आता कॅमेराही नको आणि खोडरबरही नको. मॉडेल, छायाचित्रकार, केशभूषा करणारी बाई, दिवे उचलणारा पोऱ्या आणि ढाक्यातला कड कापणारा मुलगा, यांच्या साऱ्यांच्या साचलेल्या श्रमांतून, म्हणजेच आजवरच्या असंख्य चित्रांतून, शिकलेले यंत्र त्यांनाच घरी पाठवावयास निघाले आहे. मृत श्रमाने जिवंत श्रमावर स्वार व्हावे, हे मार्क्सचे वर्णन याहून नेमकेपणाने क्वचितच प्रत्ययास आले असेल.

याला पहिले संघटित उत्तर मॉडेलांकडूनच आले. ज्यांना आपण शोभेच्या बाहुल्या समजत आलो, त्यांनी २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये 'मॉडेल अलायन्स' ही संघटना उभारली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करून न्यूयॉर्क राज्याकडून फॅशन कामगारांचा कायदा करून घेतला. तो १९ जून २०२५ पासून लागू झाला. मॉडेलची संगणकीय प्रतिकृती वापरावयाची तर तिची वेगळी लेखी संमती घेतली पाहिजे, आणि त्या संमतीत वापराचा हेतू, मुदत व मोबदला नमूद केला पाहिजे, असे त्यात आहे. कायदा मॉडेलांपुरता आणि त्या राज्यापुरता आहे. चित्रांची कड कापणाऱ्या, त्वचा साफ करणाऱ्या कामगारांचा त्यात उल्लेख नाही. त्यांचे सर्वांत मोठे तांडे न्यूयॉर्कमध्ये नाहीत; ते या उपखंडात आहेत. त्यांपैकी किती जण कोणत्या शहरात, कोणत्या दराने आणि किती तास काम करतात, याची साधी नोंद करण्याचे काम आपल्या कामगार आघाडीने अद्याप हाती घेतलेले नाही.