पट कोणी रिकामा केला?

वाचकहो, या पत्रिकेत आपण काळ्या दिनाच्या फेरीचे वृत्तान्त वाचतो, हुतात्म्यांना अभिवादन वाचतो, सर्वोच्च न्यायालयातल्या 2004 च्या दाव्याची तारीख पुन्हा कशी पुढे गेली तेही वाचतो. आम्हीही वाचतो. फेरीतही चालतो. पण आज जे लिहायला बसलो आहोत ते काही मंडळींना रुचणार नाही. संपादकांनी छापले तर त्यांचे आभार. रागवायचे असेल तर आमच्यावर रागवावे.

विषय आहे खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. जांबोटी, कणकुंबी, गुंजी, नंदगड या पट्ट्यात फिरणाऱ्याला असली शाळा शोधावी लागत नाही. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, पट चौदा, कायम शिक्षिका एक. शाळेच्या जोत्याला आमच्या आजोबांनी दगड वाहिले, असे घरात सांगतात. वडील तिथे शिकून बेळगावात आले. आम्ही बेळगावातच वाढलो, बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो. आता गावी जाणे गणपतीला आणि जत्रेला. म्हणजे तुमच्यासारखेच.

यंदा गणपतीत बाई घरी आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "दादा, तुम्ही बँकेतले आहात, जरा हा हिशेब बघता का?" आम्ही बघितला आणि त्या रात्री झोप लागली नाही.

आधी पैशाचे सांगतो, कारण तेवढेच आम्हाला नीट कळते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला एकत्रित अनुदान मिळते आणि ते पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत दहा हजार. त्यापुढे शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार. या दहा हजारांत खडू, फळ्याचा रंग, नळाची तोटी, तुटलेले कौल, वर्तमानपत्र सगळे आले. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे हजार रुपये. वर्षाला हजार रुपयांत दोन संडास स्वच्छ ठेवून दाखवा, आम्ही तुमचा सत्कार करू.

बरे, हे दहा हजार तरी हातात येतात का? पूर्वी रक्कम शाळेच्या खात्यात पडून राहायची. 2021 पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात राहतो आणि खालच्या खात्याला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. खाते शून्य शिलकीचे. मर्यादा आली तर खर्च करा, 31 मार्चपर्यंत केला नाही तर ती गेली. सरकारच्या बाजूने पाहिले तर पद्धत वाईट नाही, पैसे गावोगाव निजून राहत नाहीत. आमच्या शाळेत मात्र काय झाले ते ऐका. मर्यादा आली वर्ष संपता संपता. रक्कम काढायला मुख्याध्यापिका आणि एसडीएमसी अध्यक्ष अशा दोघांची संमती लागते. आणि अध्यक्ष गोव्यात! बिचारा म्हापशाला हॉटेलात कामाला. गावी येतो चतुर्थीला आणि शिमग्याला. शिमगा झाला, तो परत गेला, मागून मर्यादा आली आणि एप्रिल उजाडला. पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीत प्लॅस्टिक बांधले ते बाईंनी पदरच्या पैशाने.

त्या अध्यक्षाला आम्ही दोष देत नाही. पोटासाठी गेला आहे. प्रश्न असा की चौदा मुलांच्या गावात अध्यक्ष व्हायला दुसरे कोणी का नव्हते? कारण समिती पालकांचीच असावी लागते. शिक्षण हक्क कायद्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असे स्पष्ट आहे. आणि ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांना कार्यालयात बोलता येते, त्या घरांतली मुले पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. उरले कोण? रोजंदारीवर जाणारे आईबाप. समितीची सभा भरते ती कागदावर. बाई वही घेऊन घरोघर जातात, सह्या आणि अंगठे होतात.

शाळा एकशिक्षकी का, हेही ऐका. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे लिहिले आहे. साठपर्यंत म्हणजे चौदालाही दोनच! कागदावर दुसरा आहे, तो अतिथी शिक्षक. शाळा जूनमध्ये उघडते, अतिथी येतो पाऊस जोरात लागल्यावर, आणि मार्चला त्याचा हिशेब मिटतो. मानधन असे की गवंड्याच्या हाताखाली जास्त मिळतात. तोपर्यंत पाच इयत्ता, चौदा मुले आणि एक बाई. त्यातून बाईंना खानापूरला बैठका, मुलांची ऑनलाइन नोंद, तांदळाचा साठा, दुधाची भुकटी, अंडी. होय, अंडी. 2024 पासून आठवड्याचे सहा दिवस अंडे सुरू झाले, चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशनने उचलला. योजना उत्तम आहे, मुलांच्या अंगाला लागते. पण अंड्यामागे तेव्हा सहा रुपये मिळत, त्यातच उकडणे आणि सोलणे. बाजारात दर चढला की वरचे पैसे कोण घालते, हे सांगायला नको.

आता आपल्या सभांतले नेहमीचे उत्तर येईल: हा सगळा कन्नडसक्तीचा डाव आहे. डाव नाही असे आम्ही म्हणणार नाही. परिपत्रक येते कन्नडमध्ये, आणि बाईंना ते समजून घ्यायला शेजारच्या कन्नड शाळेच्या सरांकडे जावे लागते. मराठी शिक्षक निवृत्त झाला की जागा भरायची घाई कोणाला नसते. याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण मग महाराष्ट्राचे काय? तिथे 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारनेच पुढे आणला. त्यात मराठी शाळाच मोठ्या संख्येने आल्या. तिथे कोणी कन्नडसक्ती केली?

पट कमी होण्याची खरी कारणे आम्ही गावातच मोजली. जत्रेच्या दिवसांत दोन संध्याकाळी घरोघर फिरलो. पाच ते दहा वयाची एकतीस मुले गावात आहेत. चौदा सरकारी शाळेत, सतरा व्हॅनमध्ये. सतरांपैकी एकही कन्नड शाळेत नाही. सगळी इंग्रजीत. एकतीसच्या एकतीस मुले शाळेत असती तर अनुदान दहाऐवजी पंचवीस हजार झाले असते, हा आमचा कारकुनी हिशेब. पण त्याहून मोठा हिशेब पुढे आहे.

सरकारनेही या गळतीला हातभार लावला, तेही नोंदवून ठेवू. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांसाठी कर्नाटक सरकार खासगी शाळांना मुलांमागे पैसे देत होते, शेजारी सरकारी शाळा असली तरी. आपल्याच शाळेतले मूल उचलायला आपणच भाडे भरायचे! 2019 च्या सुरुवातीला नियम बदलला आणि जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर ही सोय बंद झाली. तोवर सवय लागून गेली होती.

आता तो मोठा हिशेब. आपण भाषिक अल्पसंख्याक म्हणून हक्क सांगतो तो घटनेच्या 350 अ कलमाचा: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावी. हे कलम 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आले. पण किती मुले असली की सोय करायची? त्याचे सूत्र 1949 च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले आणि 1956 च्या केंद्राच्या निवेदनाने ते पुढे चालवले: शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा. आमच्या शाळेत दुसरीत चार आहेत, चौथीत दोन. म्हणजे उद्या दाव्याला उभे राहिलो तर समोरचा वकील हजेरीपट काढून दाखवील. भाषणे फायलीत लागत नाहीत, हजेरीपट लागतो.

आणि शाळा शिकवते कशी? इथे आम्ही बाईंची बाजू घेऊन गप्प बसणार नाही. पाचवीतल्या तिघांना आम्ही बँकेची पैसे भरायची स्लिप दिली आणि मराठीत भरायला सांगितली. एकीने अचूक भरली, अक्षरातली रक्कमसुद्धा. दुसऱ्याला चारशे पाच अंकात लिहिता आले नाही, त्याने 4005 लिहिले. तिसऱ्याला वाचताच येत नव्हते. पाच वर्षे शाळेत, आणि वाचता येत नाही. हे लपवून आपली शाळा वाचणार नाही. व्हॅनमधल्या चौथीच्या मुलालाही आम्ही त्याचे इंग्रजी पुस्तक वाचायला लावले. धडा घडाघडा वाचला. अर्थ विचारला तर आईकडे बघू लागला. त्याची आई म्हणाली, "भाऊजी, पण तिथे निदान रोज शिक्षक येतात हो." या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. तिच्या नवऱ्याची निम्मी कमाई फी आणि व्हॅनमध्ये जाते.

आमचीही दोन मुले बेळगावात इंग्रजी माध्यमातच शिकली, हे लपवत नाही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाची मातृभाषा-माध्यमाची सक्ती रद्द केली तेव्हा माध्यम निवडायचा हक्क पालकाचा, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी पेढे वाटले. कन्नडसक्ती हरली असे वाटले. त्यात आपल्याच शाळेचाही पाया सुटत होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आमच्याही नाही.

मग दाद मागायची कुठे? 2016 ला निवडून आलेल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 साली संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणूकच लांबत गेली. बाक मागायला सदस्य नाही, जाब विचारायला सदस्य नाही. अशा वेळी वाट एकच, लेखी तक्रार. शिक्षण हक्क कायद्याच्या 32 व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, नाहीतर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. "मराठीत अर्ज घेत नाहीत" हे रडगाणेही नको. घटनेचे 350 वे कलम सांगते की गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. आम्ही मराठीत लिहिणार आणि सोबत कन्नड प्रत जोडणार. अस्मितेला धक्का लागतो म्हणणाऱ्यांनी ती प्रत वाचूच नये. कारकुनाला अर्ज कळला पाहिजे, आणि आम्ही स्वतः कारकून आहोत.

1 नोव्हेंबर 2023 ची आठवण द्यावीशी वाटते. आपण काळे झेंडे घेऊन फेरीत होतो. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी सरकारी शाळांना वीज आणि पाणी मोफत देण्याची घोषणा केली. फेरीहून आल्यावर आपल्यातल्या किती जणांनी गावी फोन करून विचारले, की शाळेचा मीटर चालू आहे का? आम्ही नाही विचारले. मीटर होता, जोडणी तुटलेली होती.

अर्ज तयार आहे. मागण्या तीन: अतिथी शिक्षक शाळा उघडण्याच्या दिवशी हजर, दुसरी कायम जागा, आणि छपराची दुरुस्ती जूनच्या आत. पालकांच्या अकरा सह्या झाल्या आहेत, त्यांत सात आयांच्या. बेळगावात राहणारे आम्ही पालक नाही, पण सोबतच्या पत्रावर माजी विद्यार्थी आणि त्यांची मुले म्हणून सही करू शकतो. मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही बसू. येताना गावचे आणि आपल्या वाडवडिलांच्या शाळेचे नाव कागदावर लिहून आणावे, म्हणजे पुढचा अर्ज त्या शाळेचा करता येईल.