सर्कशीची भित्तिपत्रके उरली, हजेरीपट कुठे आहेत?

बेळ्ळंदूर (बंगळुरू) – बंगळुरूच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर हे एकेकाळी तलावाकाठचे शेतीचे गाव होते. आज तेथे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि उंच निवासी संकुले उभी आहेत. फिरत्या सर्कशीला तंबू, प्रेक्षकांच्या बैठका आणि कलावंतांच्या राहुट्या यांसाठी काही आठवडे मोठे मोकळे मैदान लागते. वाढत्या शहरांत असे मैदान मिळणे दुरापास्त झाले आहे. सर्कस अशी मागे पडत असताना तिची जुनी भित्तिपत्रके, तिकिटे आणि छायाचित्रे मात्र संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय झाली आहेत. या वस्तू जपल्या जाणे स्वागतार्हच आहे. पण ज्यांच्या श्रमावर हा खेळ चालला, त्यांची नोंद कोणी जपली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

मराठी मुलखातील उगम

भारतीय सर्कशीचा आरंभ मराठी माणसाने केला. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे निष्णात अश्वारोहक होते. इटालियन सर्कसचालक कियारिनी यांचे खेळ पाहून त्यांनी १८८० च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांसह अनेकांनी हा व्यवसाय वाढवला. केरळमधील तलश्शेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन यांनी छत्र्यांच्याच प्रेरणेने कलावंत घडविण्यास सुरुवात केली आणि पुढच्या काळात सर्कशीचे केंद्र दक्षिणेकडे सरकले.

छत्र्यांनी आश्रय दिलेले ग्वाल्हेर घराण्याचे गायक रहिमत खाँ यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकता येतो. पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ करून नावारूपास आले; त्यांचे आत्मकथन मराठीत आहे. परंतु झुल्यावरचे बहुसंख्य कलावंत, विदूषक, आचारी, तंबू ठोकणारे मजूर यांची नावेही मागे राहिलेली नाहीत. भित्तिपत्रकावर सर्कशीचे नाव ठळक असते. हातपाय मोडलेल्या कलावंताची नोंद त्यावर नसते.

निर्बंध योग्य, पुनर्वसन अपुरे

गेल्या तीन दशकांत या व्यवसायाचे स्वरूप कायद्याने बदलले. केंद्र सरकारने १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती कायम ठेवली. एप्रिल २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यास मनाई केली. नेपाळसह गरीब भागांतून आणलेल्या मुलांचे शोषण पाहता हा निर्णय आवश्यकच होता. प्राण्यांना मोकळीक मिळाली, मुलांची सुटका झाली. मात्र बालपणीच तंबूत आलेल्या आणि दुसरे कोणतेही कौशल्य नसलेल्या प्रौढ कामगारांचे पुढे काय, याचा पुरेसा विचार झाला नाही.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने ही उणीव उघडी पडली. प्रयोग थांबताच उत्पन्न थांबले. रॅम्बो सर्कशीने त्या वर्षी ऑनलाइन प्रयोग करून पाहिला. पण प्रेक्षकांविना बंद पडलेल्या तंबूची भरपाई त्यातून होणे शक्य नव्हते.

कागदाचे मोल

सर्कस कामगार सतत राज्ये ओलांडत असतो. निवासाचा पुरावा एका राज्यात, काम दुसऱ्या राज्यात, अशी त्याची स्थिती असते. निवृत्तिवेतन किंवा अपघाताची भरपाई मागायची तर किती वर्षे, कोणाकडे काम केले हे कागदाने सिद्ध करावे लागते. नेमका तोच कागद त्याच्यापाशी नसतो. केरळ सरकारने निवृत्त सर्कस कलावंतांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. सर्कस जेथे जन्मली त्या महाराष्ट्राने या अनुभवाकडे पाहणे अगत्याचे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी एक संधी दिली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेनुसार कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. याच संहितेने चित्रपट व मालिकांतील कामगारांची, साहसदृश्ये करणाऱ्यांसह, स्वतंत्र व्याख्या केली आहे. ती दृकश्राव्य निर्मितीपुरती असल्याने तीच उडी तंबूत घेणारा तिच्यात येत नाही. सर्वसाधारण तरतुदी तरी त्याच्यापर्यंत पोहोचाव्यात, यासाठी मुक्कामाच्या ठिकाणी तपासणी आणि नोंदणी व्हायला हवी. सुरक्षेच्या दृष्टीनेही हे गरजेचे आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये बंगळुरूतच व्हीनस सर्कशीच्या तंबूला लागलेल्या आगीत ९० हून अधिक जणांचा मृत्यू झाला होता आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

अर्थात, नव्या संहितेमुळे मागील सेवेचा पुरावा मिळणार नाही. वृद्ध कामगारांसाठी जुनी छायाचित्रे, पगाराच्या वह्या आणि सहकाऱ्यांची साक्ष हाच आधार आहे. येथे संग्राहकांचा छंद उपयोगी पडू शकतो. अमेरिकेतील मोठ्या सर्कशी दर हंगामाला दौऱ्याच्या पुस्तिका छापत. त्यांत मुक्कामांबरोबर कर्मचाऱ्यांची नावेही असत. विस्कॉन्सिनमधील बाराबू येथील सर्कस संग्रहालयात भित्तिपत्रके आणि गाड्यांबरोबर असे दस्तऐवजही सांभाळले जातात. आपल्याकडेही संग्रहालये आणि विद्यापीठांनी रंगीत भित्तिपत्रकाइतकीच मळकी हजेरीवही मोलाची मानली, तर इतिहास जपला जाईल आणि एखाद्या वृद्ध कलावंताला आपला हक्क सिद्ध करता येईल. हे काम लवकर व्हायला हवे, कारण साक्ष देऊ शकणारी पिढी आता थकली आहे.