कोश उघडण्याआधी त्याचे साल पाहा

प्राचीन ज्यू धर्माच्या अभ्यासकाला एमिल श्यूरर टाळता येत नाही. या जर्मन पंडिताचा येशूकालीन ज्यू समाजाचा इतिहास १८८६ ते १८९० या काळात प्रसिद्ध झाला. नाणी, शिलालेख, ग्रीक आणि हिब्रू साधने, हेरोद घराण्याची कालगणना हे सारे त्यात एकत्र सापडते. पण धर्मशास्त्राच्या बंधनातील जीवनावरही त्यात एक प्रकरण आहे. शब्बाथ, शुद्धी-अशुद्धी, प्रार्थना यांचे नियम तपशीलवार देऊन श्यूरर निकाल देतो, की हे सारे निष्प्राण कर्मकांडाचे ओझे होते. ते नियम भक्तीने पाळणाऱ्यांच्या आनंदाला तिथे जागाच नाही. हे मत एका प्रोटेस्टंट धर्मपंडिताचे होते, पण भक्कम तळटिपांमुळे ते वस्तुस्थिती म्हणून खपले.

हार्वर्डच्या जॉर्ज फुट मूर यांनी १९२१ मध्ये हा पूर्वग्रह उघडा पाडला. तरी पुढच्याच वर्षी श्ट्राक-बिलरबेक यांचे भाष्य येऊ लागले. तालमूद आणि मिद्राश या ज्यू धर्मग्रंथांमधली वचने संदर्भातून सोडवून त्यांनी ती बायबलच्या नव्या कराराच्या ओव्यांसमोर मांडली. मूळ तालमूद न उघडणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली, आणि समजाचे मोठे नुकसान.

कोशाचे साल आणखी एका अर्थाने बोलके असते. बर्लिनमध्ये १९२८ पासून निघणारा ज्यू विश्वकोश १९३४ मध्ये, दहाव्या खंडात, एल या अक्षरापाशी थांबला. नाझी राजवटीत तो पुढे जाणे शक्य नव्हते.

श्यूररच्या ग्रंथाची सुधारित इंग्रजी आवृत्ती १९७३ ते १९८७ दरम्यान आली. संपादकांपैकी गेझा व्हर्मेश यांचे आईवडील नाझी संहारात मारले गेले होते. व्हर्मेश, फर्गस मिलर आणि मॅथ्यू ब्लॅक यांनी श्यूररची माहिती जपली, १९४७ नंतर हाती आलेल्या मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या प्राचीन गुंडाळ्यांची भर घातली आणि ते जुने निकाल काढून टाकले. पंडिताचा मान राखून त्याची चूक दुरुस्त करण्याचे इतके सभ्य उदाहरण विरळा.

बाहेरून दिलेल्या निकालांच्या उलट उदाहरणही आहे. न्यूयॉर्कच्या १९०१ ते १९०६ मधील बारा खंडी ज्यू विश्वकोशात बेने इस्रायलांवरची नोंद आहे. तिच्या लेखकांत मुंबईचे जोसेफ इझिकेल होते. कोकणातल्या या ज्यू समाजाबद्दल त्याच समाजातला माणूस तिथे बोलला. आपल्या ग्रंथालयांनी असे कोश ठेवावेत, आणि वाचकांनी कोणतीही नोंद उद्धृत करण्याआधी ती कोणी आणि कधी लिहिली, एवढे तपासावे.