४५० सीसीचा मोह आणि राबिघची वाळू

मंडळी, ऑक्टोबर उजाडला, हवा जरा सुसह्य झाली, की राबिघमध्ये नव्याने आलेल्या आपल्या एखाद्या माणसाचा मला फोन येतो. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, डर्ट बाइक घ्यायची आहे, ४५० घेऊ की ३००?" मी विचारतो, आधी कधी वाळूत चालवली आहेस का? उत्तर बहुतेक वेळा "नाही, पण डकारवाले ४५०च वापरतात ना?" असं असतं.

हा लेख त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. तुम्ही आठवड्याची सुट्टी सोडून रोज प्लांटवर जाणारा, घरी बायकामुलं असणारा आणि वाळूत नवखा माणूस असाल, तर ४५० सीसीचं रेसिंग इंजिन तुमच्यासाठी नाही. २५० फोर-स्ट्रोक पुरे, आणि पहिल्या वर्षी तर एअर-कूल्ड साधी ट्रेल बाइकच बरी. का, ते आता बघू.

डकारच्या दाखल्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथून होतो. २०२० पासून डकार रॅली सौदी अरेबियात होते आणि पहिल्या दोन्ही वर्षी तिची सुरुवात आपल्या शेजारच्या जेद्दाहहून झाली. त्यामुळे इथल्या प्रत्येक हौशी माणसाच्या डोक्यात ती बसलेली आहे. पण ४५० सीसी हा आकडा डकारमध्ये आला कसा? त्याआधी तिथे ६९० सीसीसारखी मोठी इंजिनं राज्य करत होती. वेग आणि धोका कमी व्हावा म्हणून आयोजकांनी वर झाकण ठेवलं आणि २०११ च्या शर्यतीपासून ते सर्वांना लागू झालं. म्हणजे ४५० ही कमाल मर्यादा आहे. जगातल्या सर्वोत्तम चालकांना जरा हळू जायला लावण्यासाठी ठरवलेला आकडा आपण "सुरुवातीला योग्य" म्हणून उचलतो!

शिवाय डकारची ४५० आणि दुकानातली ४५० एन्ड्युरो या वेगळ्या गाड्या आहेत. रॅलीच्या गाडीत ३० लिटरहून जास्त पेट्रोल मावतं, दिशादर्शनाची सामग्री असते आणि ती दिवसाला शेकडो किलोमीटर मोकळ्या वाळवंटात धावते. एन्ड्युरोची टाकी आठ-नऊ लिटरची. तुम्ही शुक्रवारी सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणार आहात.

आता मुळातला प्रश्न: सीसी म्हणजे काय? इंजिन एका दमात किती हवा ओढू शकतं, त्याचं हे माप. ताकद ठरते ती मिनिटाला एकूण किती हवा ओढली आणि तिच्यात किती इंधन नीट जाळलं यावर. म्हणून २५० सीसीचं इंजिन जास्त फेऱ्या मारून बरीच मजल गाठतं. आजच्या वॉटर-कूल्ड २५० फोर-स्ट्रोक एन्ड्युरोला साधारण ३५ ते ४० अश्वशक्ती मिळते, ४५० ला ५० च्या पुढे.

मग वाळूत किती लागते? आकडेमोड सोपी आहे, तुम्हीही करून बघा. गाडी, तुम्ही, हेल्मेट-बूट आणि पाणी मिळून २०० किलो धरा. मऊ वाळूत चाकाला होणारा विरोध वजनाच्या पाव पट धरा, म्हणजे साधारण ४९० न्यूटन. ताशी ४० किलोमीटरला एवढा विरोध कापायला सुमारे ७ अश्वशक्ती लागते. डांबरी रस्त्यावर याच कामाला एकसुद्धा लागत नाही. वाळू ताकद कशी खाते ते यावरून कळेल. आता समोर २० अंशांचा चढ आला, तर आणखी १० अश्वशक्ती. झाले १७. मागचं चाक वाळूत घसरून जे वाया घालवतं ते ३० टक्के धरलं, तर २५ च्या आसपास. म्हणजे २५० सीसीकडे चढावर मऊ वाळूतही शिल्लक उरते. तेवढाच चढ ताशी ६० ने चढायचा म्हटलं की आकडा ३७ च्या घरात जातो आणि तिथे ४५० चं काम सुरू होतं. पण ताशी ४० च्या जागी ६० ने पडलात तर अंगावर येणारी ऊर्जा सव्वादोन पट असते, हेही त्याच गणितात लिहून ठेवा.

"पण इथल्या उन्हात इंजिनाची ताकद मरते, म्हणून मोठं घ्यावं," असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या तुलनेत ४० अंशांना तिची घनता ८ टक्के कमी. त्यात तांबड्या समुद्राची दमट हवा. दवबिंदू २८ अंशांवर असेल तर हवेतली जवळजवळ ४ टक्के जागा वाफच अडवते. एकूण १२ टक्के प्राणवायू कमी. पण गंमत बघा, पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, तिथे हवेचा दाब मुळातच सहा-साडेसहा टक्के कमी. त्यामुळे पुण्यातली हिवाळ्याची सकाळ आणि राबिघची तापलेली दुपार यांत इंजिनाच्या दृष्टीने फरक उरतो जेमतेम ५ टक्के! तेवढ्यासाठी २०० सीसी वाढवायचे नसतात.

उन्हाचा खरा मार बसतो तो कूलिंगवर. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ ला, तर फरक ७०. हवा ४५ ला गेली की फरक ५०. म्हणजे रेडिएटरची क्षमता जवळजवळ २९ टक्क्यांनी घटली. आणि वाळूत तर तुम्ही हळू असता, समोरून वारा नाही, इंजिन मात्र जोर लावतंय. इंधनातल्या ऊर्जेचा पाऊण भाग तरी उष्णतेतच जातो, तेव्हा जितकं मोठं इंजिन चिडवाल तितकी जास्त उष्णता. पुष्कळशा रेसिंग बाइकना पंखाच नसतो, कारण त्या सतत वेगात धावतील असं गृहीत धरलेलं असतं.

एअर-कूल्ड इंजिनाचं गणित उलटं आहे. त्याच्या पंख्यांसारख्या फिन्स १५० अंशांवर असतील तर फरक १२५ वरून १०५ वर येतो, म्हणजे घट फक्त १६ टक्के. शिवाय ताकद कमी म्हणून उष्णताही कमी, आणि उकळून बाहेर पडायला कूलंटच नाही. यामाहाची टीटी-आर २३० किंवा होंडाची सीआरएफ २५० एफ यांना "पोरांच्या गाड्या" म्हणून हसू नका. उंच टेकाडावर त्या दमतील, पण राबिघच्या आसपास रुब-अल-खालीसारखे वाळूचे डोंगर आहेत कुठे?

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गाडी निवडताना जमीन आधी बघा. आपल्याकडे किनाऱ्यालगत सबखा आहे: वरून मिठाचा कडक पापुद्रा, खाली ओला चिखल. पूर्वेकडे जाल तर वाद्यांमधली खडी आणि गोटे, त्यापुढे हिजाझचे खडकाळ डोंगर. मधे मधे मऊ वाळूचे पट्टे. यातल्या बहुतेक ठिकाणी वेगापेक्षा हलकेपणा कामाला येतो.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः जुनी ४५० घेतली होती. तिसऱ्याच फेरीत सबखाच्या कडेला मागचं चाक पापुद्रा फोडून आत गेलं. घाबरून ॲक्सिलरेटर पिळला, तशी ती पार आसापर्यंत रुतली. ११५ किलोची गाडी चिखलातून उपसताना किती वजनाची वाटते, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. दोघं होतो म्हणून निभावलं. पुढे अर्ध्या तासात कूलंट उकळून बाहेर आला आणि गाडी थंड करायला आमचं प्यायचं पाणी ओतायचं की नाही, यावर आम्ही दोघं भर उन्हात वाद घालत बसलो. पाणी ओतलं नाही, गाडी तिथेच सोडून रस्त्यापर्यंत चालत आलो. घरी बायकोने काही विचारलं नाही, फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. महिन्याभराने गाडी विकली.

आता टू-स्ट्रोकचं. आपल्या पिढीला टू-स्ट्रोक म्हणजे बजाज चेतक, एम-८०, लूना आणि अर्थातच आरएक्स १००. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घ्यायचं आणि पांढरा धूर सोडत निघायचं. या इंजिनात प्रत्येक फेरीला एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून ताकद दुप्पट असायला हवी, पण एग्झॉस्टचं तोंड लवकर उघडतं आणि थोडं ताजं मिश्रणही न जळता निसटतं, त्यामुळे ती दुप्पट होत नाही. हे निसटणं कमी करायची युक्ती म्हणजे तो पोट फुगलेला सायलेन्सर. त्यातून परत येणारी दाबाची लाट निसटलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने हे तंत्र परिपक्व केलं. १९६१ मध्ये त्याचा चालक अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, ते ज्ञान सुझुकीकडे पोचलं, आणि १९६२ मध्ये तो सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला! ती लाट ठरावीक फेऱ्यांनाच नेमकी जुळते, म्हणून जुनी टू-स्ट्रोक गाडी आधी गप्प असते आणि मग एकदम उसळते. आजच्या ३०० सीसी गाड्यांत पॉवर व्हॉल्व्हमुळे ही उसळी बरीच माणसाळली आहे.

डोंगरातल्या खडकांत ३०० टू-स्ट्रोकला तोड नाही, हे मी मान्य करतो. हलकी, खालून खेच चांगली, आणि पिस्टन बदलणं फोर-स्ट्रोकच्या मानाने स्वस्त आणि सोपं. मग मी नवख्याला ती का सुचवत नाही? एक, तिला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसतं, उतारावर सगळा भार ब्रेकवर आणि तुमच्या हातांवर. दोन, पेट्रोलसोबतच ऑइल आत जातं. कुठल्या आडवळणी पंपावर भरून मिसळायला विसरलात, किंवा कमी मिसळून वाळूत फुल थ्रॉटल ठेवलंत, की इंजिन सीझ. दोन टक्के म्हणजे आठ लिटरला १६० मिली, हे पाठ असलेल्यांनी आणि बाटली कायम पाठीशी बाळगणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी.

तर निवड अशी करा. पहिलं वर्ष: एअर-कूल्ड, २३०-२५० सीसी. हात बसल्यावर: वॉटर-कूल्ड २५० फोर-स्ट्रोक, आणि वजन नव्वदच्या वर असेल तर ३५०. रेडिएटरला पंखा हवाच, नसेल तर बसवून घ्या. डोंगरात रमणाऱ्यांना ३०० टू-स्ट्रोक. मोकळ्या वाळवंटात लांब अंतरं कापणाऱ्या, अनेक वर्षं चालवलेल्या आणि सोबत पिकअप घेऊन निघणाऱ्या माणसाला ४५०. घेण्याआधी नोंदणीची चौकशी करा, कारण स्पर्धेच्या गाड्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, पिकअपमधून न्याव्या लागतात. इथे पंपावर ९१ आणि ९५ ऑक्टेन मिळतं, रेसिंग इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त असतं तेव्हा त्याला ९५च द्या. प्रत्येक फेरीनंतर एअर फिल्टर धुवा आणि सबखातून आलात तर अख्खी गाडी गोड्या पाण्याने.

आणि एक शेवटचं, जे कुठल्याही इंजिनापेक्षा महत्त्वाचं आहे. जानेवारी २०२० मध्ये पाउलो गोन्साल्विस हा हिरोचा कसलेला चालक डकारमध्ये गेला. पुढच्याच वर्षी आपला सी. एस. संतोष कोसळला आणि त्याला हेलिकॉप्टरने हलवून रियाधच्या रुग्णालयात ठेवावं लागलं, सुदैवाने तो बरा झाला. २०२४ मध्ये केरळच्या हरित नोआने रॅली-२ गट जिंकला तेव्हा आपण सगळे नाचलो, पण त्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत आणि त्याच्या डोक्यावर घिरट्या घालणारं वैद्यकीय पथक आपण विसरतो. तुमच्या मागे हेलिकॉप्टर नाही. तुमच्या मागे इक्काम्यावर नाव असलेलं कुटुंब आहे, आणि गावाकडे दर महिन्याला जाणारे पैसे आहेत. खांद्याचं हाड मोडलं तर तीन महिने शिफ्ट कोण करणार?

तेव्हा फोन जरूर करा. मी विचारणार ते दोनच प्रश्न: वाळूत पडलेली गाडी तुम्हाला एकट्याने सलग दहा वेळा उभी करता येते का, आणि शुक्रवारी तुमच्यासोबत दुसरं कोण येणार आहे? यांची उत्तरं तयार ठेवा, सीसी आपण त्यानंतर ठरवू.