यल्लमा डोंगर व चिंचली यात्रेतील भाविकांच्या आरोग्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
बेळगाव जिल्हा, बेळगाव.

विषय : सौंदत्ती यल्लमा व चिंचली मायाक्का यात्रांच्या काळात शुद्ध पिण्याचे पाणी, सुरक्षित खाद्यपदार्थ, स्वच्छतागृहे व तातडीचे उपचार मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही निपाणी, संकेश्वर व बेळगाव परिसरातील भाविक आणि नेहमीचे बसप्रवासी हे निवेदन सादर करीत आहोत. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 ने दिला आहे. त्यानुसार हे निवेदन मराठीत आहे.

मार्गशीर्षापासून यल्लमा डोंगरावर कर्नाटकाबरोबरच कोल्हापूर, सांगली भागातून लाखो भाविक येतात. माघात रायबाग तालुक्यातील चिंचलीला मायाक्काची यात्रा भरते. कोणी एसटीने, कोणी वायव्य परिवहनच्या बसने, कोणी ट्रॅक्टरने, तर कोणी आजही बैलगाडीने येतो. यात्रेहून परतल्यावर घरोघरी जुलाब, उलट्या आणि पोटदुखीचे रुग्ण असतात. ‘यात्रेला गेलं की पोट बिघडायचंच’ असे आमच्याकडे सहज बोलले जाते. हे दुखणे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून ते निमूटपणे सोसायला आम्ही तयार नाही.

पहिले कारण पाणी. यात्रेत उघड्या पिंपात एकच तांब्या फिरतो. प्रत्येक जण हात बुडवून पाणी घेतो. टाकी भरताना पाणी शुद्ध असले, तरी दुपारपर्यंत ते तसे राहत नाही. जोगुळभावीला स्नान करून भाविक डोंगर चढतात. स्नानाच्या ठिकाणाजवळ पिण्याचे पाणी वेगळे आणि ठळकपणे दाखवलेले नसेल, तर तहानलेला माणूस मिळेल ते पाणी पितो. दूषित पाणी काय करू शकते, हे या जिल्ह्याने ऑक्टोबर 2022 मध्ये रामदुर्ग तालुक्यातील मुदेनूर गावात पाहिले आहे. तेथे माणसे दगावली. एका गावात जे घडले, ते लाखोंच्या गर्दीत घडू नये.

दुसरे कारण अन्न. दिवसभर तापत राहिलेल्या तेलातली मिरची भजी, उघड्यावर कापून ठेवलेली फळे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला वडा हे सर्रास दिसते. तेलातील ध्रुवीय घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेल्यास ते तेल तळणीला वापरता येत नाही आणि खाद्यपदार्थ छापील कागदात बांधता येत नाहीत, असे नियम आहेत. यात्रेत त्यांची अंमलबजावणी दिसत नाही.

तिसरे कारण बोलले जात नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने आमच्या आयाबहिणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. निपाणी ते बेळगाव हा सुमारे 75 किलोमीटरचा टप्पा आणि पुढे सौंदत्तीपर्यंतचा प्रवास त्या घसा कोरडा ठेवून करतात. त्यातून बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा दाह आणि चक्कर असे त्रास होतात. अशा कोरड्या पडलेल्या शरीराला जुलाब लागले, तर माणूस फार लवकर खचतो.

चौथी बाब उपचाराची. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आणले. इतका स्वस्त उपाय यात्रेत हाताशी असलाच पाहिजे. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापण्यास मनाई केली आहे. तरी अशा गोड पेयांचे जुने खोके यात्रेतील दुकानांत येणार नाहीत, याची तपासणी व्हावी.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. डोंगरावर, जोगुळभावीजवळ, चिंचलीत व मार्गावरील मोठ्या थांब्यांवर झाकणाच्या, तोटी असलेल्या टाक्या बसवाव्यात. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून अर्धा तास झाल्यावरच पाणी वापरास द्यावे. नळाच्या टोकाला उर्वरित क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम आहे का, हे यात्राकाळात रोज सकाळ-संध्याकाळ तपासून आकडा टाकीवरच लिहावा.

2. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचे फिरते पथक नेमावे. विक्रेत्यांची यात्रेपूर्वी नोंदणी करून त्यांना प्रशिक्षण द्यावे. गोरगरीब विक्रेत्याला पहिल्या चुकीला दंड न करता समज द्यावी.

3. महिलांसाठी पाणी, दिवा, कडी व साबण असलेली पुरेशी स्वच्छतागृहे उभारावीत आणि ती विनाशुल्क ठेवावीत. यात्रा विशेष बसगाड्यांचे थांबे अशाच ठिकाणी ठरवावेत.

4. ओआरएसची पाकिटे आणि मुलांसाठी झिंकच्या गोळ्या मोफत देणारी आरोग्य केंद्रे चोवीस तास चालवावीत. विशेष बसच्या प्रथमोपचार पेटीतही ओआरएस असावे.

5. पाणी, औषध व 108 रुग्णवाहिकेविषयीचे फलक कन्नडबरोबर मराठीतही लावावेत. कन्नडचा कायद्याने ठरलेला मान राखून हे करता येते. आजारी माणसाला सूचना वाचता आली, तरच तिचा उपयोग आहे.

6. यात्रेनंतर दोन आठवडे कोल्हापूर व सांगलीच्या आरोग्य यंत्रणांशी जुलाबाच्या रुग्णांच्या माहितीची रोज देवाणघेवाण करावी. दूषित पाणी बेळगाव जिल्ह्यात प्यायलेला रुग्ण कागल किंवा मिरजेच्या दवाखान्यात दाखल होतो. त्यामुळे एका जिल्ह्याच्या नोंदीत साथ दिसतच नाही.

आमच्या बाजूने आम्ही गावोगावी सांगणार आहोत : शिदोरीत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी असे कोरडे जिन्नस न्यावेत; दहीभात, आंबील व गरम डब्यात कोंडलेला भात दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये; पाणी उकळून न्यावे; जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत; जुलाब लागल्यास पाणी तोडू नये; शौचावाटे रक्त पडल्यास, लघवी थांबल्यास किंवा लहान मूल मलूल झाल्यास थेट दवाखाना गाठावा.

येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेपूर्वी किमान एक महिना आरोग्य खाते, परिवहन मंडळ, देवस्थान प्रशासन व भाविकांचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली बोलवावी आणि कोणत्या मागणीवर कोणता अधिकारी जबाबदार राहील, हे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
निपाणी, संकेश्वर व बेळगाव परिसरातील भाविक आणि प्रवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
1. मा. जिल्हा आरोग्याधिकारी, बेळगाव
2. मा. व्यवस्थापकीय संचालक, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ, हुबळी
3. मा. तहसीलदार, निपाणी, सौंदत्ती व रायबाग